रस्त्यातला वाटा कोण सोडणार?

दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गाचं जुनं नाव कर्झन रोड. कॅनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळातून निघून हा रस्ता तिरका इंडिया गेटकडे जातो. २०१३मध्ये याच रस्त्यावर नवं महाराष्ट्र सदन सुरू झालं आणि तेव्हापासून दिल्लीत काम घेऊन आलेल्या मराठी माणसाचा पत्ता बहुधा इथलाच असतो. आमदार, सचिव, महापालिकांचे अभियंते येतात, आणि त्यांच्याबरोबर फायली येतात. गेल्या काही वर्षांत त्या फायलींमध्ये शहरी रेल्वेच्या प्रकल्पांची भर पडली आहे.

खालच्या संवादातले मामा आणि त्यांची भाची दोघंही कल्पित आहेत. मामा रेल्वेच्या परिचालन विभागातून निवृत्त झालेले, १९८२च्या एशियाडच्या आसपास दिल्लीत आले ते इथलेच झाले, आता द्वारकेत राहतात. भाची नाशिकची, नगररचना शिकलेली, एका बैठकीसाठी सदनात उतरलेली. वाद आहे तो दिल्लीत कधीच न झालेल्या मेट्रोलाइटचा, म्हणजे रस्त्याच्या पातळीवरून धावणाऱ्या हलक्या रेल्वेचा. माणसं कल्पित असली, तरी प्रकल्प, सनावळ्या आणि आकडे खरे आहेत.

भाची: मामा, मंडी हाऊसला उतरून इथपर्यंत चालत आले. एवढी मोठी मेट्रो तुमची, पण शेवटचा टप्पा पायीच.

मामा: मग चालावं थोडं! एका अंगाला बाराखंबा रोड स्टेशन, दुसऱ्या अंगाला जनपथ, शिवाय मंडी हाऊस. दिल्लीत याहून चांगली सोय असलेले रस्ते थोडेच. तुमच्या नाशिकला तर एकही स्टेशन नाही.

भाची: लुट्येन्सच्या दिल्लीचं सोडा हो. तुमच्या द्वारकेचं बोला. मेट्रोची ब्लू लाइन जनकपुरी, राजौरी गार्डनवरून वळसा घेऊन कीर्तिनगरला येते. मायापुरी, हरिनगर, डाबरी हा मधला दाट वस्तीचा पट्टा तिच्या वाटेवर नाही. त्याच पट्ट्यातून मेट्रोलाइट जाणार होती. कीर्तिनगर ते बामनोली, १९ किलोमीटर, २१ स्टेशनं. दिल्ली मेट्रोच्या संचालक मंडळाने २०१९मध्ये तिचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, मंजूर केला. खर्च सुमारे २,७०० कोटी. आणि आज जागेवर काय आहे? काही नाही.

मामा: काही नाही, हे बरंच झालं.

भाची: बरं कसं? २०१९च्या जुलैमध्ये केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने मेट्रोलाइटची मानकं काढली. तीन डब्यांची गाडी, रस्त्याच्या पातळीवर रूळ, दोन्ही बाजूंना कुंपण. स्टेशन म्हणजे साधा फलाट, वर छप्पर. तिकिटाची फाटकं नाहीत, सरकते जिने नाहीत, जमिनीखाली तीन मजले उतरणं नाही. खर्च मोठ्या मेट्रोच्या चाळीस टक्क्यांच्या घरात. गुडघे धरलेल्या तुमच्यासारख्या माणसाला याहून सोयीचं काय असणार?

मामा: माझे गुडघे राहू देत, आधी गणित कर. तीन डब्यांत माणसं किती बसतात? उभी धरून तीनशेच्या आसपास. मानकात लिहिलंय, तासाला एका दिशेने पंधरा हजारांपर्यंत प्रवासी. तीनशेने भाग. पन्नास गाड्या! म्हणजे दर बहात्तर सेकंदांना एक, आणि तीही चौकाचौकात रस्ता ओलांडत. मी आयुष्यभर वेळापत्रकं केली आहेत. अशी गाडी कागदावरच धावते.

भाची: पंधरा हजार ही कमाल मर्यादा आहे, रोजची गर्दी नव्हे. दोन गाड्या जोडून चालवता येतात. आणि या मार्गाला पंधरा हजार लागणारही नाहीत. पाच-सहा हजारांसाठी दर तीन मिनिटांना एक गाडी पुरते.

मामा: दर तीन मिनिटांना, दोन्ही बाजूंनी. म्हणजे चौकातून सरासरी दीड मिनिटाला एक गाडी जाणार. प्रत्येक वेळी आडवी वाहतूक थांबणार. पंखा रोडच्या चौकात संध्याकाळी सातला उभी राहून बघ आणि मग सांग, तिथला वाहतूक पोलीस कोणाला आधी सोडेल. तीनशे माणसांच्या गाडीला की लाल दिव्याच्या जमान्यातली सवय न सुटलेल्या एका मोटारीला?

भाची: ती गाडीला आधी सोडण्याची व्यवस्था सिग्नलच्या यंत्रणेतच बसवतात. पोलिसाच्या मर्जीवर ठेवत नाहीत.

मामा: दिल्लीत सिग्नल पिवळा झाला की माणूस थांबत नाही, वेग वाढवतो. म्हणून मी म्हणतो, रेल्वे करायची तर वरून न्या किंवा खालून न्या. जमिनीवर आणलीत की ती रेल्वे राहत नाही, रुळावरची बस होते. आणि तेवढंच हवं असेल तर बसच घ्या की! ती बिचारी वाटेत काही अडलं तर बाजूने वळून तरी जाते.

भाची: वरून न्यायची, तर किंमत ऐका. रिठाला ते नरेला हा मार्गसुद्धा आधी मेट्रोलाइट करण्याचा विचार होता. पुढे तो बदलला. २०२४च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रिठालाहून हरियाणातल्या कुंडलीपर्यंत पूर्ण मेट्रो मंजूर केली. साडेसव्वीस किलोमीटरला ६,२३० कोटी, म्हणजे किलोमीटरला दोनशे पस्तीस कोटी. कीर्तिनगरच्या मेट्रोलाइटचा हिशेब किलोमीटरला एकशे चाळीस कोटींचा होता. ठाण्यात हीच गोष्ट आणखी मोठ्या रकमेने झाली. अंतर्गत मेट्रो महाग पडते म्हणून मध्यंतरी तिथे हलक्या रेल्वेचा आराखडा केला. शेवटी ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी मिळाली ती पूर्ण मेट्रोलाच. २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, १२,२०० कोटी. किलोमीटरला चारशे वीस कोटी! त्या पैशांत ठाण्यासारख्या आणखी एका शहराची सोय झाली असती.

मामा: ठाण्याच्या माणसाला विचार, तुला अर्ध्या किमतीची गाडी देतो, पण घोडबंदर रोडच्या दोन मार्गिका त्यासाठी बंद करतो. काय म्हणेल तो?

भाची: नाही म्हणेल. सुरुवातीला सगळेच नाही म्हणतात. फ्रान्समधल्या स्त्रासबुर्ग शहरात हाच वाद झाला होता. गावात जमिनीखालून जाणारी स्वयंचलित मेट्रो आणायची की रस्त्यावरून ट्राम? दुकानदारांना मेट्रो हवी होती, कारण मग दुकानासमोर मोटारी तशाच उभ्या करता आल्या असत्या. १९८९च्या निवडणुकीत कातरीन त्रोतमान ट्रामची बाजू घेऊन उभ्या राहिल्या, महापौर झाल्या आणि १९९४मध्ये ट्राम धावली. त्याआधी त्यांनी गावातल्या मुख्य चौकातून आरपार जाणारी मोटारींची वाहतूक काढून टाकली. फ्रान्सने साठच्या दशकापर्यंत तीन शहरं सोडून बाकी सगळीकडचे रूळ उखडले होते. आज ट्राम नसलेलं मोठं शहर तिथे शोधावं लागतं.

मामा: तूच तुझ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा सांगितलास. महापौर निवडून आल्या आणि त्यांनी चौकातून मोटारी काढल्या. म्हणजे रस्ता त्यांचा, सिग्नल त्यांचे, ट्राम त्यांची. आता या आपल्या रस्त्याचं घे. कस्तुरबा गांधी मार्ग नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा. तिची हद्द ओलांडली की रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, आत वळलं की महापालिकेचा, द्वारकेकडची जमीन दिल्ली विकास प्राधिकरणाची. वाहतूक पोलीस केंद्रीय गृहखात्याचे. बस चालवणारी डीटीसी दिल्ली सरकारची. मेट्रो कंपनी अर्धी केंद्राची, अर्धी दिल्ली सरकारची. कीर्तिनगर ते बामनोली एक कुंपण घालायचं, तर इतक्या दारांत ते अडणार. मेट्रोचा खांब मात्र कसा, एकदा दुभाजकात उभा केला की खालचा रस्ता ज्याचा त्याला परत. कोणाचं काही जात नाही. म्हणून मेट्रो होते आणि तुझी मेट्रोलाइट होत नाही.

भाची: हे तुम्ही मेट्रोची बाजू घेऊन बोलताय, पण खरं तर माझाच मुद्दा मांडताय. मेट्रो होते कारण ती मोटारवाल्याला काही सोडायला लावत नाही. त्याच्या डोक्यावरून किंवा पायाखालून जाते आणि त्या सौजन्याची किंमत किलोमीटरला शेकडो कोटी असते. ती भरतो कोण? मोटार नसलेला माणूससुद्धा भरतो.

मामा: भरतो, खरंय. पण त्याला त्या बदल्यात चालणारी मेट्रो मिळते. मधल्या प्रयोगांनी काय मिळालं? मडगावची टांगत्या डब्यांची स्कायबस आठव. कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांची कल्पना. दीड किलोमीटरच्या चाचणी मार्गावर सप्टेंबर २००४मध्ये अपघात झाला, एक जण गेला, आणि वर्षानुवर्षं ते खांब तसेच उभे राहून २०१३मध्ये प्रकल्प मोडीत निघाला. मुंबईची मोनोरेल २०१४मध्ये आली. २०१७मध्ये डब्यांना आग लागली, सुट्या भागांची टंचाई झाली, गाड्या कमी पडल्या. ऑगस्ट २०२५च्या पावसात गच्च भरलेली मोनो वरच्या वर अडकली, अग्निशमन दलाने शिड्या लावून लोकांना उतरवलं आणि पुढच्याच महिन्यात सेवा थांबवावी लागली. जगात ज्याची सवय कमी, सुटे भाग बनवणारे दोन-तीनच, असलं यंत्र गळ्यात बांधून घ्यायचं आणि मग आयुष्यभर त्याची मनधरणी करायची.

भाची: स्कायबस आणि मोनो हे नवे शोध होते, म्हणून अंगाशी आले. ट्राम हे नवं यंत्र आहे का? दिल्लीत १९०८पासून होती. चांदनी चौक, जामा मशीद, सदर बाजार, सब्जी मंडी. मुंबईत १८७४मध्ये घोड्यांची, १९०७पासून विजेची. जगभर शेकडो शहरांत चालते, डबे बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळ. मोनोशी तिची तुलना अन्याय आहे.

मामा: आणि दिल्लीतली १९६३मध्ये बंद झाली, मुंबईतली ३१ मार्च १९६४ला. कोलकात्यात कशीबशी तग धरून होती, तिथेही राज्य सरकारने २०२४मध्ये सांगून टाकलं, एक वारशाचा मार्ग ठेवू, बाकी बंद. तू म्हणणार, रूळ म्हणजे कायमचा शब्द, रंगाच्या पट्ट्यासारखा पुसता येत नाही. अगं, रूळसुद्धा उखडतात! मोटारींना जागा हवी झाली की काहीही उखडतं.

भाची: मग तुमचं म्हणणं तरी काय? सगळीकडे मोठी मेट्रो?

मामा: मुळीच नाही. माझं म्हणणं असं, की नवे रूळ मागण्याआधी आहे ते नीट वापरा. दिल्लीची रिंग रेल्वे तुला माहीतच असेल. १९७५मध्ये सुरू झाली, पस्तीस किलोमीटरचं वर्तुळ. १९८२च्या एशियाडसाठी चोवीस गाड्या वाढवल्या. लाजपतनगर, सरोजिनीनगर, सफदरजंग, आणि इथून जवळ, कॅनॉट प्लेसला लागून, आपला शिवाजी ब्रिज. नावं बघ, प्रत्येक ठिकाणी माणसांचा समुद्र. पण स्टेशनं अशा कोपऱ्यात, की दिल्लीत जन्म गेलेल्यालाही ती सापडत नाहीत. बाहेर बसथांबा नाही, नीट पायवाट नाही, रात्री दिवा नाही. जमीन मिळालेली, रूळ टाकलेले, विजेची तार ओढलेली, आणि प्रवासी मूठभर. पुढे त्याच भागातून हजारो कोटी खर्चून मेट्रोची पिंक लाइन बांधली. तुझ्या मेट्रोलाइटला जे हवं ते सगळं रिंग रेल्वेकडे पन्नास वर्षांपासून आहे.

भाची: हे मात्र मला मान्य आहे. पण ती रेल्वेच्या मालगाड्यांच्या मार्गावर बसवली होती, वस्तीच्या मार्गावर नाही. मेट्रोलाइटचा सगळा मुद्दाच हा की ती रस्त्यावर, दुकानांसमोर, शाळेच्या दारात थांबते. स्टेशन शोधावं लागत नाही.

मामा: तसं तर बसही शाळेच्या दारात थांबते. तिला रूळ लागत नाहीत, डीपीआर लागत नाही, परदेशी कर्ज लागत नाही. तिला लागतो एक मोकळा पट्टा. तेवढा दिला, तर सहा महिन्यांत निकाल दिसतो.

भाची: दिला होता की. अंबेडकरनगर ते मूलचंद, एप्रिल २००८. पावणेसहा किलोमीटरचा बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव पट्टा. काय झालं त्याचं?

मामा: तुझ्या तोंडून ऐकतो.

भाची: मोटारवाले चिडले. वर्तमानपत्रांनी रोज कोंडीचे फोटो छापले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०१२मध्ये बीआरटी बंद करण्याची मागणी फेटाळली. कायद्याने जिंकलेला तो रस्ता राजकारणात हरला. २०१६मध्ये सरकारने तो फोडून टाकला. पुण्यातही कात्रज-हडपसर मार्गावर २००६मध्ये देशातला पहिला प्रयोग झाला, त्याचीही वाताहत आपण बघितली. म्हणून मी म्हणते मामा, नुसत्या बसच्या पट्ट्याला आपल्याकडे कोणी वाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये दिल्लीला बजावलं होतं, २००१च्या एप्रिलपर्यंत दहा हजार बस आणा. पाव शतक उलटलं, तो आकडा गाठलेला नाही. मेट्रोसाठी मात्र कर्ज मिळालं, कंपनी निघाली, दिल्लीत ती चारशे किलोमीटरच्या जवळ गेली. का? बसचं उद्घाटन करून नेत्याला काय मिळतं? रेल्वे म्हटलं की केंद्राचा वाटा येतो, कर्ज येतं, कोनशिला बसते. मेट्रोलाइट ही मधली वाट आहे. तिला रेल्वेची प्रतिष्ठा आहे आणि ती बसच्या उंचीवर चालते. त्या प्रतिष्ठेच्या जोरावर रस्त्याचा वाटा मागता येईल, जो नुसत्या बसला कोणी देत नाही.

मामा: हे तुझं सगळ्यात चांगलं बोलणं झालं. पण तिथेच तुझी गोची आहे. ज्या प्रतिष्ठेच्या जोरावर तू रस्ता मागणार, तीच प्रतिष्ठा लोकांच्या तोंडून म्हणवते, ‘रेल्वे द्यायचीच तर पूर्ण मेट्रो द्या, आम्ही काय कमी आहोत?’ रिठालाला तेच झालं, ठाण्यात तेच झालं. अशी हलकी रेल्वे दोन्हीकडून मरते. वरून मेट्रो तिला खाते आणि खालून मोटारवाला तिला जागा देत नाही. गुरुग्रामची रॅपिड मेट्रो बघ. २०१३मध्ये खासगी कंपनीने बांधली, तीनच डब्यांची, छोटी. ती उभी राहिली, कारण ती वरून गेली, रस्त्यातलं तसूभर काही मागितलं नाही. पण प्रवासी अंदाजाएवढे आले नाहीत, मागची कंपनी बुडाली आणि २०१९मध्ये दिल्ली मेट्रोला चालवायला घ्यावी लागली. छोटी गाडी महागड्या खांबांवर चढवली की अशी गत होते.

भाची: म्हणजे वर नेली तर पैसे पुरत नाहीत आणि खाली ठेवली तर जागा मिळत नाही.

मामा: तेच. म्हणून आधी जागा मिळते का ते बघ. डीपीआर नंतर.

भाची: आता आमच्या नाशिकबद्दल बोलू. आम्हाला तर रूळसुद्धा नाहीत, रबरी टायरची मेट्रो निओ मिळणार होती. वरून वीजतार, खालून उन्नत रस्ता, जोडबस. राज्याची मंजुरी २०१९ची. २०२१च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी नाशिकचं नाव घेतलं, २,०९२ कोटी. गंगापूरहून नाशिकरोड स्टेशनपर्यंत एक मार्ग, दुसरा मुंबई नाक्याकडे. सगळा मिळून तेहतीस किलोमीटर. त्या दिवशी गावात पेढे वाटले गेले. आज एक खांब नाही. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय.

मामा: तेहतीस किलोमीटर उन्नत मार्ग दोन हजार कोटींत? किलोमीटरला त्रेसष्ट कोटी. मला तेव्हाच पटलं नव्हतं.

भाची: पटलं नसेल, पण त्या घोषणेचा परिणाम बघा. जो तो म्हणायचा, मेट्रो येणारच आहे, आता बसवर कशाला खर्च? २०२१च्या जुलैमध्ये महापालिकेने सिटीलिंक बससेवा सुरू केली, पण तिला रस्त्यात एक हातभर राखीव जागा कोणी दिली नाही. आमच्याकडेही द्वारका चौक आहे, तुमच्या द्वारकेसारखा प्रशस्त नाही. तिथे सिटीलिंक, ट्रक, रिक्षा, दुचाकी, सगळे एकाच वेणीत गुंफलेले. आणि मार्च २०२२नंतर कित्येक वर्षं महापालिकेत निवडून आलेलं कोणी नव्हतंच, प्रशासक होते. तुमच्या स्त्रासबुर्गच्या महापौरांसारखं निवडणुकीत हा प्रश्न घेऊन उभं कोण राहणार?

मामा: स्त्रासबुर्ग तुझं गं, माझं नव्हे! पण आता तूच सांग, नाशिककरांनी गेल्या पाच वर्षांत काय मागायला हवं होतं? निओ की द्वारका चौकातून नाशिकरोडपर्यंत बसला एक पट्टा?

भाची: दोन्ही. आणि यात मी मागे हटणार नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे आधी बसचा पट्टा करू, रेल्वेचं नंतर बघू, असं केलं की त्या ‘नंतर’पर्यंत रस्त्याकडेच्या जमिनींवर इमारती उभ्या राहतात. शहर वाढत जातं, मग रस्त्यावर जागाच उरत नाही आणि पर्याय उरतो तो फक्त खांबावरच्या मेट्रोचा. म्हणून विकास आराखड्यात हलक्या रेल्वेचा मार्ग आजच राखून ठेवा. तोवर त्याच मार्गावर बस चालवा. गर्दी वाढली की तिथेच रूळ टाका.

मामा: राखून ठेवायला माझी हरकत नाही. माझी हरकत रूळ हेच उत्तर समजण्याला आहे. बसचा पट्टा पाच वर्षं टिकवून दाखवा, मग मी स्वतः येऊन तुमच्या पहिल्या ट्रामला नारळ फोडतो. पट्टा टिकवता येत नसेल, तर रूळही टिकणार नाहीत, आणि २,७०० कोटी मात्र गेलेले असतील.

भाची: आणि मी म्हणते, पट्टा टिकत नाही कारण तो तात्पुरता वाटतो. रूळ दिसले की लोकांना कळतं, हे आता जाणार नाही.

मामा: चांदनी चौकातल्या लोकांनाही तसंच वाटलं असेल.

वाद इथे मिटत नाही आणि तो मिटायलाही नको. वाहतुकीचा अभ्यास करणारे अनेक जण याच दोन बाजूंना विभागलेले आहेत. पण दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट निर्विवादपणे समोर येते. कीर्तिनगरची मेट्रोलाइट तंत्र चुकलं म्हणून मागे पडली नाही. पैसे नव्हते असंही नाही, कारण तिच्या दीडपट ते तिप्पट दराने मेट्रो मंजूर होत राहिल्या. जमिनीवरून चालणाऱ्या कुठल्याही सार्वजनिक वाहनाला मोटारींकडून रस्त्याचा काही भाग काढून घ्यावा लागतो, आणि तो काढून घेण्याचं धैर्य दिल्लीत आणि पुण्यात टिकलं नाही, ठाण्यात आणि नाशिकमध्ये तर त्याची चर्चाच झाली नाही. २००६च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना मोजून द्यावी असं सांगितलं होतं. २०१७च्या मेट्रो धोरणाने मेट्रो मागण्याआधी इतर पर्याय तपासून बघणं बंधनकारक केलं. ही दोन्ही धोरणं नीट पाळली असती, तर मेट्रोलाइटचा निकाल हो असो किंवा नाही, पण तर्काने लागला असता.

मामांची बाजू मला थोडी अधिक पटते, कारण ती आज तपासून बघता येते. ज्या शहराला बससाठी एक मार्गिका राखता आणि टिकवता येत नाही, त्याने हलक्या रेल्वेचा डीपीआर मागणं म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. भाचीचा आग्रहही सोडण्यासारखा नाही: तो मार्ग विकास आराखड्यात आजच आखला नाही, तर उद्या किलोमीटरला चारशे कोटी मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या शहरात मेट्रो, मेट्रोलाइट, निओ किंवा आणखी कसली घोषणा झाली, की फटाके आणण्याआधी तुमच्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. गाडी कुठल्या रस्त्यावरून जाणार? त्या रस्त्यातली कोणती मार्गिका कोणाकडून घेणार? आणि चौकातला सिग्नल कोणाच्या ताब्यात असणार? या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली, तरच तो प्रकल्प खरा समजा.